आजीचं कोटेशन

बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागात निहाली बोलली जाते. जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. अनुदानाशी तर नाहीच. १९७१ पासून जनगणना १०,००० पेक्षा कमी बोलणाऱ्यांच्या भाषेचं नाव छापत नाही, ती ‘इतर’मध्ये. संयुक्त राष्ट्रांनी मात्र २०२२ ते २०३२ हे दशकच अशा आदिवासी भाषांना वाहिलंय.

समजा, गावानं ठरवलं: आजीनं ओट्यावर बसून पोरांना निहालीत गोष्टी सांगायच्या. मग अनुदानाचा अर्ज इंग्रजीत, तीन वर्षांचं ऑडिट आणि तीन कोटेशनं! आजीपेक्षा जास्त दराच्या दोन आज्या आणायच्या कुठून? शेवटी कार्यशाळा होते, शहरातल्या हॉटेलात. आजीला शाल, श्रीफळ, व्हाउचरवर अंगठा. गोष्ट? वेळेअभावी रद्द.