जीवशास्त्राचा मायनर : नियोजनाची करवीरी पद्धत

कोल्हापुरात राहून पदवीला जीवशास्त्राचा मायनर घ्यायचं मनात आलं, तर ते आधी घरात कोणाला सांगू नये. घरात सांगितलं की ते गडहिंग्लजच्या मामापर्यंत पोचतं आणि संध्याकाळी मामाचा फोन येतो. मायनर ही काय भानगड आहे हे मामाला ठाऊक नसतं. पण 'जीवशास्त्र' एवढं ऐकून तो थेट मुद्द्यावर येतो. "नीटला किती पडलं हुतं रं तुला?" बारावीला बायोलॉजी घेऊन जो डॉक्टर झाला नाही, तो पुन्हा त्याच वाटेला का निघालाय, अशी रास्त शंका आपल्या जिल्ह्यात गावोगावी घेतली जाते. म्हणून घरी 'केमिस्ट्री घेतलंय' एवढंच सांगावं. ते खोटं नाही. मेजर केमिस्ट्रीच असते, आणि मायनरबद्दल कोणी विचारलेलं नसतं.

आता नियम. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी शासन निर्णय काढून नव्या शैक्षणिक धोरणाचा पदवीचा आराखडा जाहीर केला. विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त कॉलेजं २०२३-२४ पासून त्यात शिरली, बाकीची संलग्न कॉलेजं पुढच्या वर्षी. या आराखड्यात मेजर आहे, मायनर आहे, ओपन इलेक्टिव्ह आहे. शिवाय व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, ओजेटी, एफपी आणि सीईपी आहे. ही अक्षरं पाठ होईपर्यंत पहिलं सत्र संपतं. त्याला क्रेडिट नाही.

मायनरचे १८ ते २० क्रेडिट, आणि ते पहिल्या तीन वर्षांतच पुरे करायचे. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. प्रॅक्टिकल असेल तर ३० तास. २० क्रेडिटांपैकी निम्मे प्रॅक्टिकलचे धरले तर हिशेब ४५० तासांवर जातो. हा आकडा पाहून घाबरू नये. तीन वर्षांत कॉलेजच्या दारातल्या चहाच्या गाड्यावर याहून जास्त तास सहज भरतात आणि त्याची हजेरी शंभर टक्के असते.

मिळालेले क्रेडिट 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा होतात. ही संकल्पना कोल्हापूरकराला समजावणं अवघड जातं, कारण त्याने लहानपणापासून पतसंस्था पाहिलेली असते. इथेही खातं असतं, ठेव असते, जास्तीत जास्त सात वर्षांची मुदत असते. पण व्याज नाही, संचालक मंडळ नाही, ठराव गोळा करणं नाही, मतदारांना सहलीला नेणं नाही. जिथे निवडणूकच लागत नाही अशा बँकेत कष्टाची कमाई ठेवायची म्हणजे जोखीमच. तरी खातं काढावं. पर्याय नाही.

खरी कसोटी पहिल्या वर्षी आहे. बीएस्सीला पहिल्या वर्षी तीन विषय समान मानाने घ्यायचे, दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर, आणि तिसऱ्याला नारळ. त्यामुळे कॉलेजात पूर्वी कधी न दिसलेलं दृश्य दिसतं : प्राध्यापक विद्यार्थ्यांशी गोड बोलतात. वनस्पतीशास्त्राच्या विभागात दारावर फुलांची रांगोळी येते. प्राणीशास्त्रवाले कपाटातली सगळी बरण्यांची फौज धूळ पुसून बाहेर मांडतात. सूक्ष्मजीवशास्त्रात एकेकाला बोलावून सूक्ष्मदर्शकातून दही दाखवतात. हे प्रेम ज्ञानाचं आहे असा समज करून घेऊ नये. विभागात किती पोरं आली यावर वर्कलोड ठरतो, वर्कलोडवर पदं ठरतात, आणि कित्येक ठिकाणी ती पदं तासिका तत्त्वावर भरलेली असतात. यावर फार हसावंसं मात्र वाटत नाही. तुमच्या नावामुळे ज्यांचा पुढच्या वर्षीचा तास टिकणार असतो, तेच सर पुढे पावसात गुडघाभर चिखलात उतरून तुम्हाला रोप दाखवतात. गोड बोलणं मनाला लावून न घेता, पण कान देऊन ऐकावं.

विषय कसा निवडावा? याची शास्त्रीय चर्चा प्रवेशाच्या रांगेत होते. तिचा एक नमुना :

"मी तर बॉटनी घेतो बघ," एक पोरगी म्हणते. "बॉटनीच्या मॅडम टूर दाजीपूरला नेतात."

"झूलॉजीवाले पण दाजीपूरलाच जातात की."

"मग मायक्रो घेऊ म्हणतोस?"

"मायक्रोला जंगल न्हाई. गोकुळ शिरगावला डेअरी दाखवून आणतात. पर तिथं सुगंधी दूध मिळतं."

"थांब मग, घरात विचारून येतो," असं म्हणून ती रांगेतून बाहेर पडते आणि तिची जागा जाते.

या चर्चेत सगळे निकष आले. सहल, खाणं आणि घरचे. राहिला तो वेळापत्रकाचा. पन्हाळा, कागल, राधानगरी, भुदरगड अशा तालुक्यांतून एसटीच्या पासवर येणाऱ्याने आधी शेवटची गाडी पाहावी, मग अभ्यासक्रम पाहावा. प्रॅक्टिकल दुपारचं असतं. ज्या विषयाच्या प्रॅक्टिकलनंतर गाडी मिळते तो विषय तुमच्या आवडीचा आहे. मेजर आणि मायनर एकमेकांना पूरक असावेत असं समुपदेशक सांगतात. ते स्कूटरवरून घरी जातात.

वनस्पतीशास्त्र घेतलं तर पहिलं संकट हर्बेरियमचं. वनस्पती उपटायची, वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरायची, दाब द्यायचा, वाळली की सुमारे ४२ बाय २९ सेंटीमीटरच्या जाड कागदावर चिकटवायची आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची : कुळ, शास्त्रीय नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. कृती सोपी आहे. अडचण एवढीच की शास्त्र म्हणतं वनस्पती कोरडी झाली पाहिजे, आणि सत्र सुरू होतं जुलैत. जुलैत कोल्हापुरात आठवडाभर टॉवेल वाळत नाही. रोजच्या रोज कागद बदलला नाही तर बुरशी धरते, आणि मग तुमच्याकडे एका नमुन्याऐवजी दोन होतात. दुसरा सूक्ष्मजीवशास्त्राच्या मित्राला द्यावा. घरातले सगळे 'पुढारी' संपतात. रद्दीवाला विचारायला लागतो. दाब देण्यासाठी भरलेला गॅस सिलिंडर उत्तम, फक्त तो उचलताना आई कुठे आहे ते पाहावं.

सबमिशनची तारीख पंचगंगेला विचारून धरावी. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसाला हे आकडे स्वतःच्या रक्तगटाआधी आठवतात. पाणी ३९ ला टेकलं की जर्नल माळ्यावर टाकावं आणि सरांना फोटो पाठवावा. मुदतवाढ मिळते. प्रयाग चिखलीचा विद्यार्थी असेल तर न मागता मिळते.

नावांचंही जपून. आज्जी ज्या भाजीला भारंगी म्हणते तिला जुन्या पुस्तकात क्लेरोडेंड्रम सेरॅटम म्हटलंय, नव्या वर्गीकरणात ती रोथेका सेराटा झाली. ग्रंथालयातलं पुस्तक जुनं असतं, परीक्षक नवा असतो. आज्जी दोन्ही वेळा पास झाली असती, कारण तिला पानाची चव विचारली की पुरे. पण तिच्याकडे क्रेडिट नाहीत.

तरी सांगतो, इथे वनस्पतीशास्त्र घेणाऱ्याचं नशीब जोरदार आहे. शिवाजी विद्यापीठाच्या पट्ट्यात कोल्हापूर, सांगली आणि सातारा येतात, म्हणजे दाजीपूरचं जंगल ते कासचं पठार सगळं आपल्याच हद्दीत. प्रा. श्रीरंग यादव आणि सरदेसाई यांनी कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ २००२ मध्ये विद्यापीठातर्फे काढला. विशाळगडावर सापडलेल्या एका नव्या कंदीलपुष्पाला छत्रपतींच्या नावावरून सेरोपेजिया शिवरायीना म्हणतात. ते न्यू कॉलेजच्या संशोधकांना सापडलं. कंदीलपुष्पाची रीत बघण्यासारखी असते. माशी वासाला भुलून नळीत उतरते, उलट्या केसांमुळे तिला वर येता येत नाही, केस सुकले की पराग अंगावर घेऊन सुटते आणि पुढच्या फुलात जाऊन पुन्हा अडकते. ओरिएंटेशनला बसलेल्या विद्यार्थ्याने हे वहीत टिपून ठेवावं.

प्राणीशास्त्र घेणाऱ्याला नातेवाईक एकच प्रश्न विचारतात : "बेडूक फाडतोस का?" त्यांना नम्रपणे सांगावं की विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन आधी कमी करायला लावलं, २०१४ मध्ये तर बंदच करायला सांगितलं. बेडूक आता संगणकाच्या पडद्यावर उघडतो, मिटतो, आणि पुढच्या बॅचसाठी पुन्हा जिवंत होतो. नातेवाइकांची निराशा होते. त्यांच्या काळात कॉलेजच्या मागच्या डबक्यात बेडूक धरायला गेलेल्या मित्राची गोष्ट ते सांगतात. ती पूर्ण ऐकावी. उरलेलं काम बरण्यांचं. स्पॉटिंगला टेबलावर बरण्या मांडतात, एकेका बरणीला दोन मिनिटं, आणि घंटा वाजली की पुढे सरकायचं. बरणीतला प्राणी फॉर्मॅलिनमध्ये इतकी वर्षं असतो की त्याचा रंग, आकार आणि बहुधा स्वाभिमानही गेलेला असतो. अनुभवी विद्यार्थी प्राणी पाहत नाहीत. कुठली बरणी कडेला टवकलेली आहे ते लक्षात ठेवतात.

जिवंत प्राणी पाहायचा असेल तर राधानगरी अभयारण्य आहे. १९५८ पासूनचं, साडेतीनशे चौरस किलोमीटरचं, गव्यांसाठी राखलेलं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीतही गेलं. टूर रिपोर्टमध्ये प्रत्येक विद्यार्थी 'आम्ही गव्यांचा कळप पाहिला' असं लिहितो. गवे शहाणे असतात. पन्नास पोरांची बस आणि तिच्यातला स्पीकर त्यांना लांबून कळतो. मोठं जनावर दिसलं नाही तर दगडाखाली बघावं. नेमास्पिस कोल्हापुरेन्सिस नावाची एक चिमुकली पाल २००९ मध्ये जगापुढे आली, ती याच भागातली. तिच्या अंगावर उन्हात सप्तरंगी झाक येते. इतकी वर्षं ती तिथेच होती आणि आपण सगळे गव्याकडे बघत होतो.

एफपी, म्हणजे फील्ड प्रोजेक्ट, निवडताना रंकाळा घेऊ नये. तो सगळ्यांनी घेतलेला असतो. वर्गातल्या निम्म्या लोकांनी केंदाळ, उरलेल्यांनी पाण्याचा नमुना, असा अलिखित करार असतो. घ्यायचाच असेल तर एक तांत्रिक सूचना. पाण्यातलं सेंद्रिय प्रदूषण मोजायला बीओडी काढतात. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे बाटली २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवायची आणि मग उरलेला ऑक्सिजन मोजायचा. गुरुवारी बाटली लावली की तिसरा दिवस रविवारी येतो. रविवारी प्रयोगशाळेची किल्ली शिपाईमामांकडे असते आणि शिपाईमामा शेतावर असतात. दरवर्षी कोणी तरी गुरुवारी बाटली लावतंच, आणि त्या वर्षीचा रंकाळा कागदावर एक दिवस जास्त श्वास घेतो.

त्यापेक्षा नोव्हेंबरनंतर गुऱ्हाळावर जावं. तिथे रसायन, वनस्पती आणि सूक्ष्मजीव तिन्ही एकाच काहिलीत आहेत, आणि वर खायला मिळतं. रस उकळताना चुना घालतात, भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. तो बुळबुळीत पदार्थ गाळ धरून वर आणतो, ती मळी झाऱ्याने काढून टाकतात. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण पाक कधी उतरवायचा हे गुळव्या नुसता बघून ठरवतो. त्याला थर्मामीटर दाखवला तर तो आधी थर्मामीटरकडे बघतो आणि मग तुमच्याकडे. प्रश्नावली छापून नेऊ नये. काहिलीजवळ उभं राहावं, सांगितलं तर चिपाडं पुढे करावीत, आणि विचारायचं ते गूळ साच्यात ओतल्यावर विचारावं. भेंडीचं खोड ताजंच का लागतं, चुना जास्त झाला तर रंग का काळवंडतो, खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ लवकर पाघळतो तो का, असे सहा-सात प्रश्न घेऊन परत आलात तर केमिस्ट्रीचे सर आणि बॉटनीच्या मॅडम एकाच टेबलाशी बसून भांडू लागतात. आराखड्यात ज्याला आंतरविद्याशाखीय म्हटलंय ते हेच असावं.

दुसरा विषय हवा असेल तर गंगावेशीचा दूध कट्टा आहे. तिथे म्हैस समोर उभी असते आणि धारोष्ण दूध थेट पेल्यात येतं. बाजूच्या तालमीतला पैलवान ते एका दमात संपवतो. प्रथिनं किती, स्निग्धांश किती, न उकळलेल्या दुधात जिवाणू किती, हे सगळं मोजण्याजोगं आहे. फक्त जिवाणूंचा आकडा पैलवानाला सांगायचं काम गटातल्या दुसऱ्या कोणाकडे द्यावं.

शेवटचं, जर्नल सर्टिफाय करून घेणं. सही विभागप्रमुखांची लागते, आणि विभागप्रमुख त्या आठवड्यात हमखास नॅकच्या कामात, इलेक्शन ड्यूटीवर किंवा दुसऱ्या कॉलेजात बहिस्थ परीक्षक म्हणून गेलेले असतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी तीन ते साडेतीन या वेळात ते सापडतात. जर्नलला खाकी कव्हर असावं, अनुक्रमणिका भरलेली असावी, आकृत्या पेन्सिलीने काढून नावं उजव्या बाजूला लिहावीत. पेन आपलं न्यावं. ते परत मिळेल अशी अपेक्षा धरू नये.