पॅनेमकाकू

न्यू जर्सीतल्या एडिसनला, ओक ट्री रोडवरच्या दुकानात शनिवारी सकाळी मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघणाऱ्या बायकांत एक तरी पॅनेमकाकू असतेच. ओळखायची खूण सोपी. कुणी नुसतं म्हणायचं, "अहो, ते हंगर गेम्स...", की काकूंची जुडी खाली आणि मान वर. "कितवं पुस्तक? माझं प्रत्येकाबद्दल वेगळं मत आहे." ते मत दर दोन वर्षांनी बदलतं, एवढं मात्र त्या सांगत नाहीत.

सुरुवात विरोधापासून झाली. सुझान कॉलिन्सच्या या मालिकेतली पहिली कादंबरी २००८ची. काकूंच्या घरात ती दोन-तीन वर्षांनी मुलीच्या दप्तरातून आली. पॅनेम नावाचा देश, त्याची चैनीत लोळणारी राजधानी कॅपिटॉल, आणि तिच्यासाठी राबणारे बारा जिल्हे. दरवर्षी चिठ्ठ्या टाकून चोवीस पोरं उचलायची, एकच उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचं आणि ते सगळ्यांनी टीव्हीवर बघायचं! "हे शाळेत वाचायला देतात?" काकूंनी मुख्याध्यापकांना ईमेल लिहायला घेतली. त्या एकट्या नव्हत्या. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांच्या यादीत २०१० आणि २०११, दोन्ही वर्षी हे पुस्तक होतं. आक्षेपार्ह मजकुराखाली रेघा मारायच्या म्हणून काकू रात्री नऊला पेन्सिल घेऊन बसल्या. पहाटे तीनला त्यांनी मुलीला हलवून उठवलं आणि विचारलं, "दुसरा भाग कुठाय?" ती ईमेल अजून ड्राफ्टमध्ये आहे.

मग आलं ते संसारी मत. बाप खाणीत गेल्यावर नायिका कॅटनिस शिकार करून घर चालवते आणि आई शून्यात बघत बसते, हे काकूंना झेपलं नाही. "दुःख मान्य. पण दोन पोरी उपाशी असताना निदान खिचडी तरी टाकावी माणसानं!" कॅटनिसला कोण शोभतो यावरून मुलीच्या वर्गात पीटावाले आणि गेलवाले असे तट पडले होते. काकूंनी निकाल स्थळ पाहतात तसा दिला. "पीटाची घरची बेकरी आहे, हाताला चव आहे, उलट बोलत नाही. गेल दिसायला बरा, पण रागीट. शिवाय खाणीतली नोकरी." पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वराला जाताना टर्नपाइकवर डोंगर लागले, की आजही काकू खिडकीतून दाखवतात, "हा बघा, डिस्ट्रिक्ट १२." काका मान डोलावतात, कारण गाडी तेच चालवत असतात. काकूंचं फारसं चुकत नाही. कॉलिन्सनं कॅटनिसचा तो कोळशाचा जिल्हा अ‍ॅपलाचियातच वसवलाय.

तिसऱ्या पुस्तकावर मात्र काकू भयंकर चिडल्या. कॅटनिसच्या ज्या धाकट्या बहिणीसाठी सगळं रामायण घडलं, तिलाच शेवटी मारायचं? आणि बाण सोडायचा तो भलत्याच बाईवर? कॅटनिस तर अर्धं पुस्तक कपाटात लपून रडतेय! कितीतरी वर्षं काकू "पहिली दोनच वाचा" असं बजावत हिंडायच्या. पुढं कुठंतरी त्यांनी वाचलं, की लेखिकेचे वडील हवाई दलात होते, व्हिएतनामला गेले होते, ती तेव्हा लहान होती. काकूंनी तिसरं पुस्तक पुन्हा काढलं. "लढाईहून परत आलेलं माणूस असंच असणार. बाईनं पाहिलंय ते." आता तेच त्यांना सगळ्यांत चांगलं वाटतं. काकूंच्या सगळ्या कोलांट्यांत मला पटलेली ही एकच. बाकीच्या चहाबरोबर ऐकायच्या.

कारण २०२०च्या लॉकडाऊनमध्ये आलेल्या चौथ्या पुस्तकानं त्यांना पार फिरवलं. त्यात पुढं हुकूमशहा होणारा स्नो अठरा वर्षांचा आहे. घराण्याचं नाव मोठं, डबा रिकामा, घरात आजी आणि चुलत बहीण, जेवायला उकडलेला कोबी आणि जीव अडकलाय विद्यापीठाच्या खर्चात. काकू विरघळल्या. "आपल्याच मुलांसारखा गं! हुशार, कष्टाळू, घरच्यांची काळजी." त्यानं पुढं काय काय केलं, हे मी हळूच काढलं. "परिस्थितीनं बिघडला," काकू म्हणाल्या, "आणि तो जिच्या प्रेमात पडला, त्या गाणाऱ्या मुलीनं."

म्हणजे पहिल्या पुस्तकाला डिस्ट्रिक्ट १२ मध्ये असणाऱ्या काकू दहाएक वर्षांत कधी कॅपिटॉलात राहायला गेल्या, हे त्यांचं त्यांना कळलं नाही. दुसऱ्या भागात कॅपिटॉलच्या मेजवानीत पाहुणे ओकायचं औषध पितात, म्हणजे पुन्हा खाता येतं. याचा काकूंना मनापासून संताप होता. मंडळाच्या दिवाळी पॉटलकला हा प्रसंग त्यांनी आम्हाला तावातावानं सांगितला. मग पर्समधून पित्तावरच्या टम्सच्या दोन गोळ्या काढून चघळल्या आणि बासुंदीची तिसरी वाटी घ्यायला उठल्या.

त्यांना कॅपिटॉलातून खाली आणलं भाच्यानं. तो शिकायला आला आणि दर मार्चला एच-वन-बी व्हिसाच्या सोडतीत बसू लागला. साध्या कोट्याच्या ६५ हजार जागा, इथल्या मास्टर्सवाल्यांना आणखी २० हजार. पूर्वी चार कंपन्यांनी एकाच माणसाचं नाव टाकलं, तर त्याच्या चार चिठ्ठ्या पडायच्या. २०२४ला ती माणशी एकच झाली. काकू थरारल्या. "अगं, हे तर पुस्तकातलंच! धान्यासाठी नाव जास्त वेळा टाकायचं. कॅटनिसच्या २० चिठ्ठ्या, गेलच्या ४२!" फक्त तिथं चिठ्ठी निघू नये म्हणून देव पाण्यात ठेवतात, इथं निघावी म्हणून, हा फरक त्यांनी किरकोळीत काढला.

२०२५च्या मार्चमध्ये, सोडतीच्या ऐन धामधुमीत, कॅटनिसला खेळासाठी तयार करणाऱ्या हेमिचचं पुस्तक आलं. पन्नासावे खेळ, दुप्पट पोरं, अठ्ठेचाळीस. हेमिचची चिठ्ठी निघालेलीच नसते, तरी त्याला उचलतात. भाच्याचीही निघाली नाही. कंपनीनं त्याला उचलून टोरांटोला ठेवलं. सध्या काकूंचं मत असं आहे, की मालिकेत शहाणा माणूस एकच, तो दारुडा हेमिच.

या पुस्तकावरच्या चित्रपटाची जाहीर झालेली तारीख आहे २० नोव्हेंबर २०२६, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शुक्रवार. त्या सुट्टीत एडिसनला कुणाकडे उतरणार असाल, तर घरात पॅनेमकाकू आहेत का ते आधी विचारून घ्या. असल्या, तर जेवण उत्तम मिळेल; फक्त त्यांचं जुनं मत त्यांना ऐकवू नका.