बियाणं विकू नका, शेठ

भातकापणी आटोपली की डहाणू-तलासरीच्या रिकाम्या खाचरांत दोन पिकं येतात : टेनिस बॉलच्या स्पर्धा आणि संघमालक. पहिलं पीक आठवड्याभरात निघून जातं. दुसरं निवडणुकीपर्यंत उभं असतं.

हल्ली या स्पर्धांना लिलाव लागतो. मालकाला ठरावीक पॉइंट मिळतात, त्यात अख्खा संघ बसवायचा. परवा एका शेठने निम्म्याहून जास्त पॉइंट एकाच फटकेबाजावर ओतले. मांडवात टाळ्या, माइकवर आरोळ्या. उरल्यासुरल्या पॉइंटांत जे आले, त्यांत विकेटकीपर नव्हता. फटकेबाज दुसऱ्याच चेंडूवर झेल देऊन आला आणि सामना बायच्या चौकारांनी गेला. शेठ म्हणाले, "रिस्क घेतल्याशिवाय काही होत नाही." खरं आहे. झालंच की काहीतरी.

पण शेठला हसू नका. हेच शेठ एसी खोलीत बसून फुटबॉलचा क्लब चालवू लागले की त्यांना 'मॅनेजमेंट' म्हणतात.

मुंबई एफसीचं घ्या. हा क्लब 2007 साली निघाला. 2009 पासून खालिद जमील त्याचे प्रशिक्षक. सात वर्षं त्यांनी एक काम चोख केलं : संघाला आय-लीगमधून, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या अव्वल फुटबॉल लीगमधून, खाली घसरू दिलं नाही. पैसा बेताचा, खेळ रुक्ष, गोल मोजके. बघणाऱ्याला जांभई यायची, पण हंगाम संपताना संघ जागेवर असायचा. 2016 साली क्लब आणि जमील यांची फारकत झाली. नवा प्रशिक्षक आला, नवी स्वप्नं आली. 2016-17च्या हंगामात दहा संघांच्या लीगमध्ये मुंबई एफसी दहावा. त्याच वर्षी क्लबला टाळं.

आणि जमील? ते गेले मिझोरामला, आयझॉल एफसीकडे. हा संघ आदल्या हंगामात खाली ढकललेला. गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली म्हणून जागा भरायला परत बोलावलेला. मुंबई एफसीचेच जयेश राणे आणि आशुतोष मेहता तिथे जाऊन पोचले. 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँग लाजाँगशी 1-1 अशी बरोबरी झाली आणि हा गाळात गेलेला संघ भारताचा विजेता ठरला. आपल्या कणगीतलं बियाणं दुसऱ्याच्या रानात उगवलं, ते असं.

आता सांगा, मोठी जोखीम कोणाची? वरवर बघितलं तर आयझॉलची. पण त्यांचं फसलं असतं तर काय गेलं असतं? एक हंगाम. गावची पोरं होतीच, पुन्हा पेरणी झाली असती. मुंबईवाल्यांकडे भरवशाचं असं एकच होतं, तेच हातचं गेलं.

दुसरा मासला पुण्याचा. एफसी पुणे सिटीने 2014 साली आणला विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे, 2015 साली आद्रियन मुतू, 2016 साली आइडुर गुडजॉनसन. गुडजॉनसन तर हंगाम सुरू व्हायच्या आधीच दुखापतीने बाद. बालेवाडीला मोठमोठ्या नावांचे फलक लागले, मालकांत हृतिक रोशनही होता. 2017-18 साली एकदाच उपांत्य फेरी, 2019 साली क्लब बंद. आमच्या घोलवडचा कुठलाही बागायतदार सांगेल, चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. फळ कलमाचं, ताकद खुंटाची. पुण्याने कलमं परदेशातून मागवली आणि खुंट लावायला विसरले.

मग जोखीम घ्यायचीच नाही का? तेही नाही. मुंबईच्याच महिंद्रा युनायटेड क्लबने 2005-06ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, आणि 2010 साली अंथरूण गुंडाळून खेळच बंद केला. हा काही सावधपणा नव्हे. पाऊस लांबेल म्हणून शेतच न नांगरण्यातला हा प्रकार.

त्यापेक्षा तलासरीच्या डोंगरउतारावरच्या वारल्याला विचारा. त्याला कुठलीही 'मॅनेजमेंट' माहीत नाही, पण जोखमीचं शास्त्र पाठ आहे. खाली खाचरात भात, वर वरकसात नागली आणि वरई. पाऊस धो धो पडला तर भात हसतो, दडी मारली तर नागली तारते. दर साली तो आभाळाशी जुगार खेळतो, पण पिकाच्या जिवावर, बियाण्याच्या नाही. फुटबॉलच्या मॅनेजमेंटला यापेक्षा जास्त काही शिकवायची गरज नाही. सामना हरा, हंगाम हरा, एखादा महागडा स्ट्रायकर अंगलट येऊ द्या. अकादमी, प्रशिक्षक आणि पगाराचे पैसे एवढ्यांना हात लावू नका.

त्यातही एक खोच आहे. जोखीम घेतो कोण आणि भोगतो कोण? आमच्या भागाला हे कोडं जुनं. पावसाळ्यात खावटी सावकाराची, आणि पीक बुडालं की वेठ कुळाची. 1945 साली तलासरीतल्या झरीला वारली जमले आणि वेठ करणार नाही म्हणून उभे राहिले, तेव्हा तो हिशेब कुठे जागेवर यायला लागला. क्लब बुडाला की मालक दुसऱ्या धंद्याला लागतो. तिशीतला डिफेंडर कुठे लागणार? 'आम्ही धाडस केलं' असं मालक पत्रकार परिषदेत सांगतो, तेव्हा त्या धाडसाचं बिल कोणाच्या नावावर फाटलं, ते आधी बघावं.

तर आमचे शेठ. हरल्याच्या संध्याकाळी टपरीवर भेटले. म्हणाले, "पुढच्या वर्षी कोणावर बोली लावू, सांगा." मी म्हटलं, "आधी विकेटकीपर घ्या. स्वस्तात मिळतो."

शेठने चहाचा घोट घेतला, माझ्याकडे दयेने बघितलं आणि म्हणाले, "कीपरला बोली लावली तर मांडवात टाळ्या कोण वाजवणार?"