लिहून घ्या, साहेब

माझ्या कामाच्या डायरीची शेवटची चार पानं तात्यांची आहेत. भोसरीतल्या आमच्या शॉपमध्ये तात्या सिनियर फिटर. खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा, आणि कुठल्याही विषयावरचं मत तयार. मत देऊन झालं की पट्टीने माझ्या डायरीवर टकटक करायचं आणि म्हणायचं, "लिहून घ्या, साहेब." आधी मी नुसती मान हलवायचो. एकदा खरंच लिहून घेतलं, तर माणूस एवढा खुलला की स्वतःच्या पैशाने चहा सांगितला. तात्यांच्या बाबतीत ही घटना ऐतिहासिक आहे. तेव्हापासून मी लिहितोच.

शॉपमध्ये कोबॉट, म्हणजे माणसाच्या सोबतीने काम करणारा 'कोलॅबरेटिव्ह' रोबॉटचा हात, यायचा होता त्या आठवड्यातली नोंद अशी: 'पाया खणावा लागेल. थ्री फेज लागेल. दोन महिन्यांत कुणाचा तरी हात जाईल. चार पोरं घरी बसतील.'

यंत्र टेम्पोतून आलं. तात्यांनी चेनपुली आणि दोन दांडगी पोरं तयार ठेवली होती. खोक्यातून निघालेला हात भरला जेमतेम अठरा किलो, त्यामुळे एकाच पोराने तो काखोटीला मारून आत आणला. दुसऱ्याने, काहीतरी करायला हवं म्हणून, रिकामं खोकं उचललं. पुढे कळलं की हा गडी साध्या सॉकेटवर चालतो आणि दोनशे वॅटच्या आसपास वीज खातो, म्हणजे घरच्या मिक्सरहूनही कमी. झालं! त्या दिवसापासून तात्यांनी त्याला यंत्र म्हणणंच सोडलं. "मिक्सर लावला का रे?" असं विचारायला लागले.

चहाच्या सुट्टीत मी जरा ज्ञान पाजळलं. म्हटलं, कोबॉट ही कल्पना 1996 सालची, अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या कोलगेट आणि पेश्किन या दोन प्राध्यापकांची.

"कोलगेट? दात घासायचं?"

"नाही हो तात्या, आडनाव आहे. आणि गंमत म्हणजे त्यांचा पहिला कोबॉट आपणहून हलतच नव्हता. जोर माणसाने लावायचा, यंत्राने फक्त वळण द्यायचं."

तात्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे ढकलायचं दुसऱ्याने आणि दिशा दाखवायची याने. साहेब, हा तर सुपरवायझर!"

सुपरवायझर मीच. पण लिहून घेतलं.

हात मोडण्याची भीती मात्र चेष्टेवारी नेण्यासारखी नव्हती. तात्यांच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर नाही. ते तरुणपणी दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसखाली गेलं. त्याबद्दल ते बोलत नाहीत. फक्त नवीन पोराला मशीनवर उभं करताना तो हात त्याच्या डोळ्यांसमोर धरतात. कोबॉट बसवायला आलेल्या मुलाने चालत्या हाताच्या वाटेत आपला पंजा धरून दाखवला. हात टेकला आणि थांबला. तात्या हसले नाहीत. पुढे झाले आणि नेमकी ती अर्धी करंगळी मधे धरली. हात आला, करंगळीला लागला, थबकला. स्क्रीनवर पाटी उमटली. तात्या बराच वेळ तसेच उभे होते. मग म्हणाले, "याला कळतं." हे काही त्यांनी लिहून घ्यायला सांगितलं नाही.

पण तात्या मधल्या स्टेशनवर उतरणारे नव्हेत. दुसऱ्याच दिवशी ते कोबॉटच्या अगदी कुशीत उभे राहून वडापाव खात होते. "गरीब गाय आहे हो! लिहून घ्या, हा कुणाला काही करणार नाही." आता मला उलट्या बाजूने समजावणं आलं. म्हटलं, तात्या, गाय गरीब असली तरी तिच्या शिंगाला आपण कोयता बांधलाय. त्याच्या ग्रिपरमध्ये जो जॉब आहे त्याची बर्र बघा. बोट फिरवलंत तर सोलून निघेल. हात मऊ असून भागत नाही. त्याने काय धरलंय, किती वेगाने नेतोय, वाटेत माणसाचं काय येतंय, हे सगळं धरून धोका मोजावा लागतो. पिंजरा लागणार की नाही, ते त्यावर ठरतं, नावात 'को' आहे म्हणून नाही. याच्यासाठी 2016 साली एक जागतिक मार्गदर्शिका निघाली. तिच्यात शरीराच्या 29 जागा घेऊन कुठे किती दाब चालेल ते दिलंय. जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठात शंभर धडधाकट माणसांना दाबून, त्यांना कुठल्या आकड्याला दुखायला लागतं ते नोंदवलं होतं.

"शंभर माणसांना टोचून बघितलं?"

"हो."

"ओटी दिला का त्यांना?"

वडापाव मात्र त्यांनी पिवळ्या पट्ट्याबाहेर जाऊन संपवला.

पुढची समजूत जास्त खोल होती. कोबॉटजवळ आले की तात्या आवाज खाली आणायचे. मालकाबद्दल काही बोलायचं असलं तर चक्क पाठ करून उभे राहायचे. "बघतोय तो," म्हणायचे, "सगळं शिकून ठेवतोय." त्याला कॅमेरा नाही, सांगितलेल्या जागेपलीकडे त्याला काही ठाऊक नाही, हे मी चार वेळा सांगितलं. पटलं ते पाचव्यांदा, आणि तेही मी सांगून नाही. सेकंड शिफ्टला कुणाच्या तरी धक्क्याने जॉबचा ट्रे चार बोटं सरकला. कोबॉट ठरल्या वेळी खाली वाकला, हवा पकडली, ती हवा अलगद सीएनसीच्या चकपर्यंत नेली, नीट बसवली, आणि कर्तव्य केल्यासारखा मागे सरकून उभा राहिला. पुन्हा वाकला. पुन्हा हवा. तात्या तोंडाला हात लावून बघत होते. "अरे देवा," म्हणाले, "आंधळा आहे हो हा!"

त्या दिवसापासून तात्या बदलले. 'मिक्सर' बंद झाला, 'आमचा आंधळा' सुरू झाला. स्वतः पत्रा कापून त्यांनी ट्रेला चारी बाजूंनी अडसर बसवला. जाणाऱ्या-येणाऱ्याला दम, "आंधळ्याच्या पुढ्यातलं ताट हलवायचं नाही!" मग शिकवणीही त्यांनीच अंगावर घेतली. एरवी 'इंग्रजी कॉम्प्युटरवाल्यांचं काम' म्हणून लांब राहणारा माणूस, पण इथे बटण दाबून यंत्राचा हात धरायचा आणि जागा दाखवत न्यायचं, पाटीवर पोराकडून अक्षर गिरवून घ्यावं तसं. तात्यांनी अर्धा दिवस गिरवून घेतलं. चकमध्ये जॉब बसवताना ते मनगटाने किंचित उलटा झटका देतात, जॉब पुरता टेकावा म्हणून. तोही आंधळ्याला शिकवला. आता रात्रपाळीला तात्या घरी झोपलेले असतात आणि शॉपमध्ये त्यांचा झटका चालू असतो. जुनी माणसं बघून हसतात.

राहिली चार पोरं. लोडिंगवरचा एक जण गेजिंगला गेला, दुसऱ्याच्या गळ्यात कोबॉट पडला, आणि दोघं होती तिथेच आहेत. हे आमच्या शॉपपुरतं. सगळीकडे असंच होतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण मालकाच्या मनातलं तात्यांना माझ्याआधी कळतं, आणि तात्या त्या विषयावर हल्ली गप्प असतात.

खंडेनवमीला सगळ्या मशिनींना झेंडूचे हार पडले. आंधळ्याचा हार तात्यांनी वेगळा, आखूड करून आणला होता. लांब असता तर फिक्श्चरमध्ये अडकून हा थांबला असता, हे कुणी न सांगता. हळदकुंकू लावताना एका नव्या ट्रेनी पोराने विचारलं, "तात्या, हा आपल्या नोकऱ्या खाणार म्हणतात, खरं का?"

"कुठला अडाणी म्हणतो असं?"

मी काही न बोलता डायरीचं शेवटचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. तात्यांनी चष्मा चढवला, पट्टी ओळीखाली धरून सावकाश वाचलं, तारीखसुद्धा वाचली. मग चष्मा खाली सोडला.

"अक्षर तुमचं आहे, साहेब."