चोवीस तास पाणी

(रंगमंचावर आरामखुर्ची, बाजूला पितळी हंडा. फुलाफुलांचा शर्ट घातलेला कलाकार येतो. खुर्चीत बसायला जातो, पण सवयीने आधी हंडा उचलतो.)

मंडळी, शहापूरचे आप्पा निवृत्त झाले आणि मुलाने आप्पा-काकू दोघांची मालदीवची तिकिटं काढली. "आईला जरा आराम मिळू दे," म्हणाला. काकूंचं माहेर मुरबाड. मुरबाडला अजून रेल्वे पोहोचलेली नाही आणि मुरबाडची लेक थेट विमानात! शहापूरजवळच्या आसनगाव स्टेशनवरून सीएसएमटीला लोकलने सुमारे दोन तास लागतात, मुंबईहून मालेला विमानाने सुमारे तीन. काकूंनी हिशेब केला, "म्हणजे कसाऱ्याची गाडी तासभर लेट झाली, तर परदेश जवळ पडतो."

मालेला उतरल्यावर पुढचा प्रवास पाण्यावरून उडणाऱ्या छोट्या विमानाचा. ही विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात आणि त्यांचे वैमानिक बऱ्याचदा अनवाणी असतात. काकूंचं लक्ष पहिल्यांदा पायांकडेच गेलं.

"अहो, आपल्या एसटीचा ड्रायव्हरसुद्धा चप्पल घालतो!"

"अगं, पाण्यात उतरायचं असतं त्याला."

"त्याला? मग आपल्याला कुठं उतरवणार आहे?"

(कलाकार खुर्चीचे हात घट्ट धरतो. विमान हेलकावतं. डोळे मिटून मुरबाडकडच्या खांबलिंगेश्वराला म्हशाच्या यात्रेचा नवस बोलतो.)

मालदीवमध्ये सुमारे बाराशे बेटं. वस्ती असलेली दोनशेच्या आसपास. पहिलं रिसॉर्ट १९७२ साली सुरू झालं आणि तेव्हापासून पद्धत पडली ती एका बेटावर एकाच रिसॉर्टची. शेजारी नाहीत, भावकी नाही, बांधावरून भांडण नाही. आप्पांना पहिल्या संध्याकाळी करमेना.

त्यात त्यांना डोंगर दिसेना. ज्या माणसाने जन्मभर माहुलीचा २,८१५ फुटांचा किल्ला खिडकीतून पाहिला, त्याला सांगण्यात आलं की या अख्ख्या देशातली सर्वांत उंच नैसर्गिक जागा जेमतेम अडीच मीटर! आमच्याकडे गवताची गंजी याहून उंच लागते. आप्पा म्हणाले, "मग इथली माणसं चढतात कशावर?" काकू म्हणाल्या, "आराम करायला आलोय ना आपण? मग चढायचं कशाला?"

सकाळी न्याहारीला 'मास हुनी' आली. शिजवलेला ट्यूना, खवलेलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू. सोबत 'रोशी' नावाची चपाती. काकूंनी एक घास घेतला, आचाऱ्याला बोलावलं आणि पिशवीतून डबा काढला. सुकटाची चटणी आणि तांदळाची भाकरी! तीन तास विमानात ज्या डब्यामुळे शेजारचा प्रवासी नाक मुठीत धरून बसला होता, त्या डब्यापाशी आचारी बोटं चाटत उभा राहिला.

(थांबतो. हंड्याकडे पाहतो.)

खरा गोंधळ मात्र पहाटे पाचला झाला होता. काकू सवयीने उठल्या आणि नळ सोडला. पाणी आलं! धो धो! काकूंनी पेले भरले, किटली भरली, फुलदाणीतली फुलं काढून तीही भरली, शेवटी आंघोळीचा टब काठोकाठ भरला. झाडलोट करायला आलेला केरळचा पोरगा दारातच थबकला.

"मॅडम, पानी चौबीस घंटा है।"

आप्पांनी आपल्या खास शहापुरी हिंदीत खुलासा केला, "अरे बाबा, हमारे गाव में धरण है, पण पानी मुंबईको जाता है!"

पोराला वाटलं, आप्पा थट्टा करतायत. थट्टा कसली? तानसा धरण १८९२ चं. मोडकसागर १९५७ चं. मुंबईच्या रोजच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. पावसाळ्यात शहापूर-मुरबाडला पाऊस असा झोडपतो की छत्री म्हणजे नुसती शोभा. पण खालचा खडक काळा कातळ, तो पाणी धरून ठेवत नाही. धरणं खोल दरीत, पाडे वर डोंगरावर. एप्रिल-मे आला की विहिरीचा तळ दिसतो आणि पाड्यावर टँकर येतो. शहापूर तालुक्याला धरणांचा तालुका म्हणतात, आणि त्याची तहान भागवायला योजना आखली ती इगतपुरीच्या भावली धरणातून पाणी आणायची!

पोरगा म्हणाला, "इथे तर नदीच नाही. समुद्राचं पाणी यंत्रातून काढून गोडं करतात."

आप्पांना आठवलं. डिसेंबर २०१४ मध्ये मालेच्या पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि राजधानीचे नळ कोरडे पडले. तेव्हा भारताने 'ऑपरेशन नीर' काढलं. हवाई दलाच्या विमानांतून पिण्याचं पाणी, मागोमाग नौदलाची जहाजं.

काकू टबाच्या काठावर बसल्या. "विमानाने टँकर?"

"हो."

"आणि आपल्या पाड्यावरचा टँकर म्हणतो, रस्ता खराब आहे!"

(कलाकार हंडा उलटा करून त्यावर बसतो.)

पुढचे दिवस काकू खाटल्यावर पडून राहिल्या. समुद्राकडे पाठ, नळाकडे तोंड. अधूनमधून उठायच्या, नळ सोडायच्या, आवाज ऐकायच्या, बंद करायच्या. याच्याइतका आराम त्यांना म्हशाच्या यात्रेतही मिळाला नव्हता.

परतीच्या विमानात आप्पांनी विचारलं, "पुढच्या वर्षी कुठलं बेट?"

"साष्टी."

"ते कुठं आलं?"

"भांडुप! धाकट्या जाऊबाई राहतात तिथं. आपल्याकडच्या धरणांचं पाणी तिथं शुद्ध करतात आणि त्यांच्या नळाला सोडतात."

"अगं, ते कसलं बेट?"

"शाळेत शिकवलंय मला. उल्हास नदी, वसईची खाडी, ठाण्याची खाडी आणि उरलेल्या बाजूला समुद्र. चारी बाजूंनी पाणी, आणि नळालासुद्धा!"

आप्पांनी लगेच मोबाइल काढून वेळापत्रक पाहिलं. इथेही शेवटचा टप्पा वेगळ्या वाहनाने करायचा होता. आप्पांना सापडलेली कसाऱ्याची फास्ट भांडुपला थांबत नव्हती, ठाण्याला उतरून स्लो पकडावी लागणार होती.