लाँचरसाहेब, आधी पीपॅप भरा!

प्रति,
माननीय लाँचरसाहेब,
मु. पो. डेस्कटॉप, डावा कोपरा.

स. न. वि. वि.

माणसाने रोज थोडे थोडे सुधारावे, असे सगळेच सांगतात. करून दाखवणारे आपण एकटेच. आम्ही चाकणची सेकंड शिफ्ट संपवून, तळेगाव चौकातली कंटेनरची रांग सोसून खोलीवर येतो. भोसरीचा एक आणि निगडीचे दोघे गेमच्या लॉबीत ताटकळलेले असतात. आपल्यावर क्लिक केले की आपण सांगता, 'थांबा, आधी मी स्वतःला अपडेट करतो.' आपली आत्मशुद्धी आटोपेपर्यंत निगडीवाले घोरायला लागलेले असतात.

अपडेट का लागते, हे आम्हाला कळते. सर्व्हरवर नवा नकाशा आणि आमच्याकडे जुना असेल, तर आम्ही ज्या भिंतीआड लपू ती समोरच्याच्या पडद्यावर नसायचीच. व्हॉल्व्हने २००३मध्ये 'स्टीम' आणले, तेही काउंटर-स्ट्राइकसारख्या खेळांचे पॅच सगळ्यांना आपोआप मिळावेत म्हणून. आपली कसरतही मान्य. चालू असलेल्या प्रोग्रामच्या फाइलवर विंडोज दुसरी फाइल चढवू देत नाही. म्हणून आपण एका मदतनिसाला उठवता, स्वतः बंद पडता, तो आपल्या जागी नवी फाइल ठेवतो आणि आपण पुन्हा अवतरता. अवतरल्यावर आपल्याला दिसते, की आता मदतनीसच जुना झाला आहे!

शिवाय एका टोपीचा रंग बदलला म्हणून अख्खे गाठोडे पुन्हा कशाला उतरवता? दोन्हीकडच्या फाइली ताडून फक्त बदललेला तुकडा पाठवायची युक्ती 'आरसिंक' या प्रोग्रामने १९९६मध्येच दाखवली आहे.

आता आमच्या चाकणच्या कारखानदारी पट्ट्यातली रीत ऐका. सप्लायरला पार्टचे मटेरियल किंवा प्रोसेस बदलायची असेल, तर आधी कस्टमरला कळवावे लागते. सॅम्पल जातात, मोजमापांचे कागद जातात आणि पीपॅप, म्हणजे पार्टच्या मंजुरीचे दप्तर, मंजूर झाल्याशिवाय नवा पार्ट लाइनवर चढत नाही. ऑपरेटर बदलला तरी फोर-एमच्या (माणूस, मशीन, मटेरियल, मेथड) बोर्डावर नोंद होते. मोठे मेंटेनन्स निघते गुरुवारी, कारण इथल्या बऱ्याच कंपन्यांची सुट्टी तेव्हा असते. आपण मात्र ऐन मॅचच्या वेळी, 'किरकोळ सुधारणा' एवढ्या दोन शब्दांवर, सगळी मशीन उघडून बसता.

वर ॲडमिनचे अधिकारही मागता! डिसेंबर २००७मध्ये 'ईव्ह ऑनलाइन' या खेळाच्या अपडेटने स्वतःची 'बूट डॉट आयएनआय' फाइल काढायला जाऊन सी ड्राइव्हवरची त्याच नावाची फाइल उडवली. ती होती विंडोजची. कितीतरी एक्सपी संगणक रीस्टार्ट केल्यावर उठेचनात. अंतराळातले युद्ध राहिले बाजूला, लोक सीडी शोधत बसले. जून २०१७मध्ये तर युक्रेनमधल्या 'एम.ई.डॉक' या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्राम शिरला, मर्स्क या जहाज कंपनीपर्यंत पोहोचला आणि इकडे न्हावाशेव्यातल्या त्यांच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. आमच्या पट्ट्यातले कंटेनर त्याच बंदराकडे धावतात. अपडेट कोणाचे आणि भोग कोणाला!

तेव्हा मागण्या मोजक्याच आहेत. ओळखीच्या पत्त्यावरून आली म्हणून फाइल चालवू नका. तिच्यावरची डिजिटल सही तपासा. काय बदलले ते मराठीत नको, निदान माणसाच्या भाषेत लिहा. नवी आवृत्ती अडखळली तर जुनी परत बसवता येऊ द्या. रिजेक्ट झालेला लॉट आम्हीही परत पाठवतोच. डाउनलोड आम्ही ड्युटीवर असताना उरकून ठेवा आणि मोठा बदल गुरुवारी दुपारी करा. तेव्हा आम्ही घरी असतो, जागे असतो आणि काही बिघडलेच तर शिव्या द्यायलाही मोकळे असतो.

कळावे. लोभ असावा, ॲडमिनचा मात्र नसावा.

आपला,
९७ टक्क्यांवर अडकलेला एक ऑपरेटर