कुर्ल्याच्या भंगारशेठना सिंगापूरहून खुले पत्र

श्री. भंगारशेठ, सीएसटी रोड, कुर्ला यांस,



तुमचा निरोप पोचला. सिंगापुरात चांगल्या चालत्या गाड्या दहा वर्षांत भंगारात काढतात म्हणे, तर तिथल्या लिलावात उतरायला कुठला परवाना लागतो, असं तुम्ही विचारलंत. ऐकलंत ते खरं आहे. लिलावही आहे. महिन्यातून दोनदा, सोमवारी दुपारी बाराला उघडतो आणि बुधवारी चारला बंद होतो. फक्त त्यात गाडी नसते.

इथे लिलाव होतो तो गाडी ठेवण्याच्या हक्काचा. त्याचा कागद म्हणजे सर्टिफिकेट ऑफ एंटायटलमेंट, तोंडी 'सीओई'. १९९० पासून चालू आहे, मुदत दहा वर्षं. बोली लावतानाच १०,००० डॉलर अनामत ठेवायची. हरलेल्यांतली सर्वांत मोठी बोली घ्यायची, वर एक डॉलर चढवायचा आणि जिंकलेल्या सगळ्यांनी तेवढेच भरायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाड्यांचा कागद १,५०,००१ डॉलरला गेला. अहेराच्या पाकिटात आपण वर एक रुपया घालतो, तसाच तो शेवटचा डॉलर. नोव्हेंबर २००८ च्या मंदीत लहान गाड्यांचा हाच कागद २ डॉलरला सुटला होता. अशा वेळी आपली माणसं कुठे असतात, कोण जाणे!

कागद मिळाला की करांची वरात निघते: अबकारी शुल्क २० टक्के, त्यावर जीएसटी, आणि अतिरिक्त नोंदणी शुल्क. हे शेवटचं महागड्या गाडीच्या किमतीच्या सर्वांत वरच्या टप्प्याला ३२० टक्क्यांनी लागतं. हो, तीनशे वीस. टंकलेखनाची चूक नाही.

आता तुमच्या धंद्याचं. मालकाने दहा वर्षं भरायच्या आत गाडीची नोंदणी रद्द केली, तर सीओईच्या उरलेल्या मुदतीचे पैसे आणि त्या नोंदणी शुल्काचा काही हिस्सा परत मिळतो. २०२३ मध्ये सरकारने या हिश्श्यावर ६०,००० डॉलरची कमाल मर्यादा घातली. या दोन्ही परताव्यांची बेरीज म्हणजे 'पेपर व्हॅल्यू'. उरलेल्या इंजिन, पत्रा, काचा, सीट यांना 'बॉडी' म्हणतात आणि तिचा भाव वेगळा, बहुतेक वेळा कागदापुढे किरकोळ. तुम्ही बॉनेट उघडता, टायरला लाथ मारून बघता, चेसिस वाकलीय का ते पाहता. इथला व्यापारी आधी तारीख वाचतो.

नोंदणी रद्द झाली की महिन्याभरात गाडी अधिकृत मोडणीखान्यात द्यायची नाहीतर देशाबाहेर पाठवायची, आणि तसा पुरावा दाखवायचा. घेतली, डेंटिंग-पेंटिंग केलं, पुन्हा रस्त्यावर आणली, हा तुमचा हातखंडा इथे बाद. गाडीवर फारच जीव असेल तर गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी भावाने आणखी पाच किंवा दहा वर्षं विकत घेता येतात. मात्र मग नोंदणी शुल्काच्या परताव्यावर पाणी सोडायचं आणि वर रोड टॅक्सचा अधिभार भरायचा, जो चढत चढत ५० टक्क्यांवर जातो.

बाहेरून ठोकलेली गाडी आणून इथे खपवीन म्हणाल, तर जुनी गाडी तीन वर्षांच्या आतली हवी, वर १०,००० डॉलर अधिभार. इथली उचलून मुंबईला नेईन म्हणाल, तर आपल्या सरकारचीही अट तीन वर्षांचीच, आणि उतरवायची ती मुंबई बंदरातच. बंदर तुमच्या दुकानापासून इतकं जवळ, आणि नऊ वर्षांची गाडी सहा वर्षं उशिरा पोचणार!

इथल्या नियमांना हसू नका, शेठ. १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडेही १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण थांबलं. त्या आता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच मोडायच्या. जुन्या गाड्यांच्या डीलरलाही आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं. तुमच्याकडे ते आहे का, हे मी खुल्या पत्रात विचारत नाही.

सरकारची बाजू मला कळते. बेटाची १२ टक्के जमीन रस्त्यांखालीच गेली आहे, म्हणून फेब्रुवारी २०१८ पासून मोटारींच्या वाढीचा दर शून्यावर आणला. रस्ते वाहते राहतात, हे डोळ्यांनी दिसतं. पण धडधाकट गाडी कागदाच्या परताव्यासाठी मोडायला द्यायची, हा हिशेब तुमच्या गॅरेजमधल्या पोराला वेडेपणाचा वाटेल, आणि माझ्या मते पोराचं बरोबर आहे.

तेव्हा परवान्याचा नाद सोडा. फिरायला मात्र जरूर या. विमानतळावर घ्यायला मी येईन, एमआरटी मेट्रोने.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सिंगापुरातला एक बिनगाडीवाला